उलाळ

आमच्या धंद्यात सगळ्यांचा जीव एका लोखंडी गोळ्यावर असतो. गोळा केवढा? रव्याच्या लाडवाएवढा. गाडीच्या मागे, बंपरखाली, एका मजबूत दांड्यावर तो बसवलेला असतो आणि मागून ओढायच्या ट्रेलरचं किंवा कॅरॅव्हॅनचं नाक त्याच्यावर टोपीसारखं बसतं. वर एक खटका पडला की जोडी जमली. मग पुढचा जाईल तिकडे मागच्यानं जायचं, निदान तशी अपेक्षा असते. बर्मिंगहॅमच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी आयुष्यभर या जोड्या जमवल्या. एकाही जोडीचं पुढं काय होईल याची खात्री मला कधी देता आली नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या जॉबबद्दल लिहा, पण प्लीज, फार टेक्निकल नको हं." आता लोहारानं लोखंडाचं नाव न काढता कसं लिहायचं? थोडं टेक्निकल येणारच. वाचकांनी ते गोड मानून घ्यावं.

आधी माझी ओळख. मी अलिबागकडचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. माझ्या वडिलांचाही घाणा होता. मी मात्र मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर झालो आणि साठ सालानंतर इकडे आलो. इथं नोकरी लागली ती अशा ठिकाणी, जिथं सगळ्यात जास्त गर्दी शनिवारी! इंग्रज माणूस सुट्टीवर निघतो तो शनिवारी सकाळी, आणि गाडीच्या मागे काय जोडायचं आहे ते त्याला शुक्रवारी संध्याकाळी आठवतं. वडिलांनी ते पाहिलं असतं तर मला घाण्याला जुंपलं असतं.

मालकाचं नाव वॉल्टर. लष्करात तोफा ओढणाऱ्या गाड्या चालवलेला माणूस, बोलायला तुसडा, हाताला सोनं. मला तो सॅम म्हणायचा. धंद्याचा पहिला धडा त्यानं मला बाथरूममधल्या वजनकाट्यावर शिकवला. तो काटा त्याच्या बायकोनं रागावून टाकून दिला होता, आणि आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला देव्हाऱ्यातली जागा होती. ट्रेलरचं नाक त्या काट्यावर टेकवायचं आणि किती भार पडतो ते बघायचं.

कारण असं, की ट्रेलरला चाकं मधोमध. सामान चाकांच्या मागं जास्त भरलं की नाक हलकं होतं. मग मोठ्या रस्त्यावर, वेगात, बाजूनं एखादी लॉरी गेली की ट्रेलर डावीउजवीकडे झोके खायला लागतो. एकदा झोके सुरू झाले की पुढची गाडी मागच्याला नेत नाही, मागचा पुढच्याला फरफटवतो. म्हणून नाक थोडं जडच हवं. किती? चार माणसं मिळून सहज उचलतील एवढं ओझं वीतभर पुढंमागं सरकवलं की एक अख्खं कुटुंब सुखरूप पोचतं किंवा पोचत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या काट्याकडे बघत राहिलो होतो. आजही मला त्याचं नवल वाटतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शर्यतीची कबुतरं पाळणारा एक गृहस्थ ट्रेलरमध्ये खुराडी घालून न्यायचा. त्यानं एकदा वॉल्टरला गंभीरपणे विचारलं की, वाटेत सगळी कबुतरं आतल्या आत उडत राहिली तर तेवढं वजन कमी धरायचं का? वॉल्टर पाना खाली ठेवून म्हणाला, "ती सगळी एकदम उडतील असं त्यांच्याकडून कबूल करून आण, मग धरतो."

पण वॉल्टरसुद्धा ज्याला भीत असे तो प्रकार वेगळाच होता. काही हौशी लोक पिकअपच्या पाठीवर अख्खी खोली चढवतात. आत दोन बाकं, गॅसची शेगडी, झोपायची सोय, खिडकीला पडदे. मुक्कामाला पोचलं की खोली पायांवर उभी करून खालून पिकअप काढून घ्यायचा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हे. एवढ्यावर थांबले तर ठीक. पण काहींना बिऱ्हाडाच्या मागे शेपूटही हवी असते. पाठीवर खोली आणि शिवाय मागे ट्रेलर!

इथं खरी गोम आहे. खोली पिकअपच्या मागे बाहेर आलेली असते, त्यामुळं तो लाडवाएवढा गोळा लांब दांडा लावून आणखी मागे न्यावा लागतो. दांडा लांब झाला की त्यावरचा भार पिकअपचं ढुंगण खाली दाबतो आणि तोंड वर उचलतो. पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवतात. स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. म्हणजे ट्रेलरचं नाक हलकं ठेवलं तर ट्रेलर झोके खाणार आणि जड ठेवलं तर पिकअप तोंड वर करणार. या दोन्हीच्या मधे जी चिंचोळी वाट आहे तिच्यावरून डोंगर ओलांडायचे. वॉल्टर याला 'लाइट इन फ्रंट' एवढंच म्हणायचा. मला सारखं वाटायचं की यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, लहानपणी ऐकलेला. तो काही केल्या आठवायचा नाही.

असंच बिऱ्हाड घेऊन सत्तरनंतरच्या एका उन्हाळ्यात डॉक्टर दामले आमच्या दारात आले.

पिकअप, पाठीवर खोली आणि मागे ओढायची होती ती होडी. डॉक्टरांनी ती स्वतःच्या गॅरेजमध्ये, नकाशा आणून, प्लायवूडची बांधली होती. ड्यूटीवरून आले की रंधा आणि सरस! पुढं छोटीशी केबिन, मागं इंजिन. इतकी देखणी होती की वॉल्टरनं शिवी दिली नाही. मी मात्र मागचं इंजिन बघून स्वतःशीच पुटपुटलो, "अरे देवा, हे काय घेऊन आलाय हा!"

तोच पिकअपवरच्या खोलीचं मागचं दार उघडलं आणि नऊवारीवर जाड ओव्हरकोट घातलेल्या एक बाई हळूहळू पायरी उतरल्या. "देवा म्हणालात ना तुम्ही? कुठले?"

"अलिबागकडचा. सॅम्युएल."

"म्हणजे शनवार तेली! मग बरोबर. आमच्या घाटावर तुमच्याकडचं तेल आणि मीठ यायचं बैलगाड्यांनी. माझ्या वडिलांचाच तो व्यापार."

या डॉक्टरांच्या आई. सगळे त्यांना माई म्हणत. वर्कशॉपमधल्या हत्यारांच्या पेटीवर त्या अशा बसल्या, जणू हळदीकुंकवाला आल्यात. काम चार दिवस चाललं आणि डॉक्टर येताना त्यांना घेऊन यायचे, कारण घरी त्या दिवसभर एकट्याच. सूनबाई निर्मला हॉस्पिटलात सिस्टर, शिफ्टवर. माई माझ्याशी बोलत बसायच्या आणि स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायच्या. वॉल्टर त्यांना 'युअर मेजेस्टी' म्हणायला लागला, तेही त्यांनी चालवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्या सहज म्हणाल्या, "ही होडीची ट्रिप झाली की मला पाठवतायत."

"कुठं?"

"नागपूरला, थोरल्याकडे. तिथं मी नकोशी, पण इथं मी कंटाळलेय असं म्हणून दोघा भावांचं पत्रापत्री करून ठरलंय."

"तुम्हाला काय हवंय, माई?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "मला इथंच राहायचंय. हा वसंता माझा धाकटा, त्याच्यात माझा जीव आहे. पण मला कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिले."

डॉक्टरांचा काही दोष नव्हता हो. त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सॅम, ती दिवसभर खिडकीशी बसून असते. शेजारणीशी बोलता येत नाही, टीव्ही कळत नाही. आय कान्ट बेअर टु सी इट. तिकडे निदान चार माणसं आहेत." बाबा गेल्यावर आई इकडे आली आणि आपण तिला कोंडून घातलं, याची त्यांना टोचणी होती. जाण्याआधी तिला एकदा स्वतः बांधलेल्या होडीतून समुद्र दाखवायचा, अशी त्यांची इच्छा. मुलगा प्रेमानं आईला निरोप देत होता आणि आईला निरोप नको होता. दुसऱ्याच्या घरातलं मी काय बोलणार?

होडीच्या ट्रेलरचं नाक काट्यावर टेकवलं. इंजिनामुळं ट्रेलर मागं जड होता. मी चाकांची जागा थोडी बदलली, पाण्याचे कॅन हलवले, आणि ती चिंचोळी वाट सापडली. नाक थोडं जड, पण पिकअप तोंड वर करत नव्हता. डॉक्टरांना कळकळीनं सांगितलं, "आता यात काडीसुद्धा वाढवू नका." ते म्हणाले, "एक करा. तुम्हीच चला. तिथवर तुम्ही चालवा, परत ट्रेननं या. मला डोंगरात धीर होणार नाही." वॉल्टरकडे रजा मागितली तर तो म्हणाला, "तू जोडलंयस, तूच निस्तर."

निघालो. पिकअपमध्ये पुढं मी, डॉक्टर आणि निर्मला. माई मागं खोलीत, बाकावर, सामानाबरोबर. मधे एक लहानशी खिडकी, ती बंद.

शहर सुटेपर्यंत माझ्या हाताला जाणवलं की काहीतरी बदललंय. स्टिअरिंग हलकं लागत होतं. रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेत, थांबून टायर पाहिले, स्प्रिंगा पाहिल्या. पिकअप मागं बसलेला. "डॉक्टर, काही वाढवलंत का?"

"नो, नो. ऑनेस्टली. तुमच्यासमोर होतं तेवढंच."

निर्मलाही नाही म्हणाल्या. दोघं खरंच बोलत होते. खोलीत बसलेल्या माईंना विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा. मी स्प्रिंगांना बोल लावला आणि वेग कमी ठेवून निघालो.

उत्तरेकडे मोटरवे डोंगरांवर चढतो तिथं मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मोठी लॉरी ओलांडून जाते तेव्हा आधी ती तुम्हाला बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. पाठीवर खोली म्हणजे शीडच ते. वारा पकडायला आयतं. मागं होडी आपल्या गोळ्यावर डुलत होती. आजूबाजूला झाड नाही, घर नाही, नुसत्या उघड्या हिरव्या टेकड्या आणि त्यांवरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. एवढ्या मोठ्या जगात आपण लाडवाएवढ्या लोखंडावर विश्वास टाकून चाललोय, या विचारानं मला भीतीही वाटली आणि आनंदही झाला. हे दोन्ही एकदम येतं, हे ज्यानं वजन ओढलंय त्यालाच समजेल. एक रात्र ग्लासगोच्या अलीकडे मुक्काम केला. सकाळी निर्मलांनी खोलीतल्या शेगडीवर अंडी आणि बेकन केलं. माई बाहेर घडीच्या खुर्चीवर पाठ करून बसल्या आणि त्यांनी डब्यातल्या दशम्या चटणीशी खाल्ल्या.

दुपारी एक खिंड आली.

पश्चिम किनाऱ्याला उतरायचं तर ती ओलांडावी लागत होती. एकच गाडी जाईल एवढा रस्ता, मधेमधे समोरच्याला वाट द्यायला फुगवटे. डावीकडे दरी, उजवीकडे ओला काळा कडा, आणि वरून पाण्याच्या धारा रस्ता ओलांडून खाली उड्या मारत होत्या. घाट मी पाहिलेत, पण तिथं झाडं असतात, माकडं असतात, वळणावर एखादा देव असतो. इथं काहीच नव्हतं. डोंगराला आपण आलोय याची दखलही नव्हती. डॉक्टर कुजबुजले, "माय गॉड." निर्मलांनी डोळे मिटून घेतले होते.

चढ वाढला तसं मागचं ओझं आणखी मागं गेलं आणि स्टिअरिंग माझ्या हातात रिकामं झालं. एका आकड्यासारख्या उजव्या वळणावर मी चाक पूर्ण उजवीकडे फिरवलं. चाकं वळली, गाडी वळली नाही. पुढचे टायर खडीवर नुसते घासत डावीकडे, दरीकडे, सरळ निघाले. मी ब्रेक मारला. हँडब्रेक ओढला. थांबली. माझ्या बाजूनं दरीचा काठ दिसत नव्हता. डॉक्टरांच्या बाजूनं मात्र फक्त दरीच दिसत होती.

आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. मागं घेणं शक्य नव्हतं, कारण ट्रेलर मागं ढकलला की वाकडा होतो आणि त्या उतारावर, त्या अरुंद रस्त्यात तो दरीतच जाणार. चढावर ट्रेलर सोडवणं म्हणजे तर आत्महत्या. एकच मार्ग होता, वर जायचं. आणि वर जायला पुढच्या चाकांवर भार नव्हता.

"माझ्या दारानं उतरा. चाकांमागं दगड लावा. माईंना उतरवा आणि कड्याच्या बाजूला उभं करा." मी ब्रेकवरचा पाय काढू शकत नव्हतो. डॉक्टर आणि निर्मला माझ्या मांडीवरूनच बाहेर पडले. आरशात दिसलं की त्यांनी माईंना खाली घेतलं, कड्याशी उभं केलं, आणि दोघं दगड शोधायला लागले.

माई कड्याशी उभ्या राहिल्या नाहीत. पदर खोचून, ओव्हरकोट सावरत त्या गाडीच्या कडेनं पुढं आल्या. पुढच्या चाकाशी वाकून पाहिलं. मग सरळ होऊन काचेतून माझ्याकडं बघत एकच शब्द बोलल्या. इंजिनाच्या आवाजात मला तो ऐकू आला नाही.

मागून डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "आई, बस! बस!"

म्हणजे पुरे. म्हणजे पुढं जाऊ नकोस, आहेस तिथं थांब. आपण मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला "येऊ दे, येऊ दे, बस!" म्हणतो, तेच बस.

आणि माई बसल्या. बंपरवर एक पाय ठेवला, हेडलाइटला धरून दुसरा ठेवला, वळल्या आणि बॉनेटवर बसल्या. बरोब्बर मधोमध. पाय बंपरवर, हात मागं टेकलेले, तोंड रस्त्याकडे. काचेतून मला त्यांची ओव्हरकोटातली पाठ आणि पांढरा अंबाडा दिसत होता.

मी ओरडलो, "माई, उतरा! खाली उतरा!" आणि ओरडता ओरडताच मला कळलं की हातातलं स्टिअरिंग बदललंय. ते जड झालं होतं. टायरांनी खडी धरली होती. बाईंचं वजन ते काय, पण ते जिथं हवं तिथं पडलं होतं. माझ्या हातात जीव परत आला.

माईंनी मागं न बघता उजवा हात वर केला आणि दोन बोटं पुढं हलवली. चला.

मी पहिला गिअर टाकला. देवाचं नाव घेतलं, तेही मराठीतच. क्लच सोडला. चाकं उजवीकडं वळली, आणि त्यांच्यामागून गाडी वळली, आणि गाडीच्यामागून होडी वळली. मागून निर्मला, आणि डॉक्टर हातात दगड घेऊन शेजारून चालत होते, रडवेले, "आई, उतर, आई, काय करतेस!" म्हणत. माई उतरल्या नाहीत. पुढचं वळण आलं, त्याच्यापुढचं आलं. पाऊस भुरभुरत होता, कड्यावरचं पाणी चाकांखालून वाहत होतं आणि पासष्टीच्या पुढची एक बाई नऊवारीत, स्कॉटलंडच्या डोंगरात, बॉनेटवर बसून मला वाट दाखवत होती. मला भीती वाटेनाशी झाली. आपण काहीतरी फार मोठं बघतोय, एवढंच कळत होतं. माझे डोळे भरून आले आणि काच पुसायला वायपर होता, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

खिंडीच्या माथ्यावर सपाटी होती. तिथं थांबलो. खाली सगळा समुद्र उघडला. काळीनिळी बेटं, त्यांच्यामधून आत शिरलेलं पाणी आणि ढगांच्या फटीतून एकाच बेटावर पडलेलं ऊन. माई सावकाश खाली उतरल्या, कोटाचा मागचा भाग झटकला आणि म्हणाल्या, "काय छान गरम आहे हो तुमचं बॉनेट. या देशात आल्यापासून आज पहिल्यांदा ऊब मिळाली."

यावर निर्मला ज्या हसायला लागल्या, त्या रडेपर्यंत हसल्या. डॉक्टरही दगड टाकून रस्त्यावरच बसले. "अगं, मी बस म्हटलं म्हणजे पुरे! तू खरंच बसलीस? बॉनेटवर?"

माई म्हणाल्या, "तू बस म्हणालास."

मग मी होडीची केबिन उघडली. अगदी पुढच्या टोकाला, जिथं नाकावर सगळा भार येतो तिथं, पोत्यात गुंडाळलेला पाटा निघाला. शेजारी वरवंटा. तांब्याचं पातेलं, तांदळाचा मोठा डबा, पिठाचा डबा, पितळी घागर. मी काडी वाढवू नका म्हणालो होतो; इथं अख्खं स्वयंपाकघर होतं.

"हे कुणी ठेवलं?" डॉक्टर ओरडले.

"मी," माई म्हणाल्या. "निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं ड्यूटीवर होता. तुमच्या त्या खोलीत अंडी आणि डुक्कर शिजतं. माझं सोवळ्याचं तिथं कसं ठेवायचं? होडी नवी कोरी होती, स्वच्छ. शेजारच्या माणसाला खुणेनं सांगितलं, त्यानं उचलून ठेवलं."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कुठं?"

मी पाटा उचलून चाकांच्या बरोबर वर आणून ठेवला, डबे मागं सरकवले. पिकअपचं तोंड खाली आलं. तरीही मी जाहीर केलं, "आता उतार आहे. टेक्निकल कारणासाठी माईंना पुढं बसायला लागेल." वॉल्टरला विचारलं असतं तर त्यानं असलं कुठलंही टेक्निकल कारण नाही म्हणून सांगितलं असतं. निर्मला हसत मागच्या खोलीत गेल्या, आणि माई माझ्या आणि डॉक्टरांच्या मधे बसून समुद्रापर्यंत आल्या. उतरताना डॉक्टर एकदम म्हणाले, "आई, तुला नागपूरला जायचंय का?" त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. माई समोर बघत म्हणाल्या, "नाही." मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

होडी दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरली आणि बुडाली नाही, हे डॉक्टरांच्या रंध्याचं पुण्य. मी ट्रेननं परत आलो. नागपूरचं तिकीट निघालंच नाही. होडी डॉक्टर समुद्राकाठच्या एका यार्डात ठेवून आले, त्यामुळं दामल्यांचं गॅरेज रिकामं झालं, आणि तिथं माईंचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर थाटलं गेलं. पाटा गॅरेजच्या दाराशी. वाटणाचा वास रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा. हॉस्पिटलातली आपली एकटी पोरं, नुकतीच आलेली ज्युनिअर डॉक्टर मंडळी, रविवारी त्या वासाच्या मागं यायला लागली. शेजारीण वाटी घेऊन यायची. माई तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती इंग्लिशमध्ये बोलायची, आणि दोघींचं छान जमायचं. खिडकीशी बसायला माईंना वेळ उरला नाही.

बॉनेटचा किस्सा मात्र दामल्यांच्या घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकावा लागायचा. डॉक्टर तो फार रंगवून सांगायचे. "मी म्हटलं बस, म्हणजे स्टॉप! आणि ही बसली!" सगळे हसायचे. माईही हसायच्या.

मी हसायचो, पण मला एक खटकायचं. बस म्हटल्यावर घाबरलेलं माणूस आहे तिथं बसेल, दगडावर, रस्त्यावर. बंपरवर चढून, हेडलाइटला धरून, पुढच्या दोन चाकांच्या बरोब्बर मधे कोण बसेल?

एका दिवाळीला मी विचारलंच. माई गॅरेजमध्ये रव्याचे लाडू वळत होत्या. बाहेरच्या खोलीत डॉक्टरांचा किस्सा नव्या पाहुण्यांसमोर रंगात आला होता.

"माई, खरं सांगा. बस म्हणजे पुरे, हे तुम्हाला त्या दिवशी कळलंच नव्हतं?"

"मला मराठी येत नाही असं वाटलं की काय तुम्हाला?" त्यांनी वर पाहिलं. "मी तुम्हाला काचेतून सांगितलं नव्हतं? उलाळ म्हणून."

उलाळ! तो शब्द. वडील तेलाचे डबे गाडीत भरताना गड्यावर ओरडायचे, "मागं टाकू नकोस, गाडी उलाळ होईल." मागं जड झालेली, जू वर उचलणारी गाडी. इतकी वर्षं मी वजनकाट्यावर त्याच एका शब्दाशी झटत होतो आणि तो माझ्या घरचाच होता.

"चढाला गाडी उलाळ झाली की गाडीवान पुढं येऊन धुरेवर बसतो," माई म्हणाल्या. "आमच्या घाटात रोजचं होतं ते. त्यात काय!"

"मग हे सगळे हसतात, त्यांना सांगत का नाही?"

"हसू दे. हसले, तेव्हाच तर मला नागपूरचं विचारलं ना त्यानं." त्यांनी वळलेला लाडू माझ्या हातावर ठेवला. बाहेर डॉक्टर "आणि ही बसली!" म्हणाले आणि हशा उठला. माई दुसऱ्या लाडवाचा रवा मुठीत घेत म्हणाल्या, "बस, तो म्हणाला. कुठं बसायचं, ते मी ठरवलं."